हिरव्या रंगाखालचे सात पेच

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये खंडेनवमीच्या आधी प्रत्येक लोखंडी वस्तूला रंग लागायचा. जिनांना, वजनकाट्याला, फाटकाला, ऑफिसातल्या खुर्च्यांच्या पायांना आणि एकदा तर चुकून मुनीमजींच्या सायकलीलाही. रंग एकच, हिरवा. बाबांना तो कधीपासून आवडायला लागला ते कुणालाच आठवत नव्हतं. तेलगावच्या रस्त्याने जाणारा माणूस मात्र लांबून फाटक पाहूनच ओळखायचा, की ही कुणाची जिनिंग. एका वर्षी त्याच हिरव्या रंगाने आमचं जहाज बुडायची वेळ आणली. तो रंग मी लावला होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि दसऱ्याच्या सुटीत घरी आले होते. सहाव्या वर्षापासून औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत आणि हॉस्टेलवर वाढलेली. घरी आले की माझं मराठी दोन दिवस अवघडलेलं असायचं, म्हणून मी कमी बोलायचे आणि सगळ्यांना वाटायचं की ही शहाणी आहे. बाबांना माझ्या इंग्रजीचा फार अभिमान. पाहुणे आले की ते टॉनिकची बाटली, नव्या मिक्सरचा कागद, काहीही माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "वाच गं, काय लिहिलंय." मी वाचायचे. पाहुणे माना डोलवायचे. मग मी स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ उभी राहायचे, कारण तिथे कुणी काही वाचायला सांगायचं नाही.

बाहेरच्या देशांतला माल सगळीकडे दिसू लागला होता तेव्हाची ही गोष्ट. गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, घरांवर केबलच्या तारा आल्या होत्या, आणि वीज मात्र रोज सकाळी दहाला जायची ती दुपारी दोनला यायची. कापसातून सरकी काढणारे आमचे बारा जिन चार तास गप्प बसायचे. म्हणून बाबा आमच्या मिस्त्रींना घेऊन गुजरातच्या किनाऱ्यावर गेले, जिथे जुनी जहाजं तोडतात, आणि तिथून एक इंजिन घेऊन आले.

मिस्त्री मूळचे माजलगावचे. बावीस वर्षं आमच्याकडे. उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीला डिझेलचा वास. इंजिनघराची चावी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लटकलेली असायची, आणि ती जिथे घासायची तिथे चामडं झिजून खळगा पडला होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते इंजिनाला हात लावायच्या आधी कान लावायचे.

"शेठ, ह्ये घ्या," त्यांनी किनाऱ्यावर बाबांना सांगितलं होतं. हा किस्सा बाबा येईल त्याला ऐकवायचे. "जहाजाचं मोठं इंजिन बंद पडलं तर दिवे लागावेत म्हणून ह्ये ठिवलेलं. जहाज कधी बंद पडलंच न्हाई. याला नुसतं पोसलंय बघा, कामाला लावलंच न्हाई."

"अन् चाललं नाही तर?"

"चालवायचं माझ्याकडं लागलं."

इंजिन मांजरसुंब्यावरून ट्रकने आलं तेव्हा त्याच्या पत्र्याच्या खाचांत पांढरं मीठ होतं. मी बोटाने घेऊन चाखलं, कुणी बघत नाही असं पाहून. समुद्रापासून इतक्या लांब, कापसाच्या शेतांच्या मध्ये, ती खारट चव मला फार आवडली. इंजिनाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, पाण्याने फुगलेलं. ते अर्थातच माझ्याकडे आलं.

या इंजिनात एक नवी गोष्ट होती. आमच्या जुन्या इंजिनाचा वेग दोन फिरते लोखंडी गोळे आणि एक स्प्रिंग सांभाळायची. चाचा त्या स्प्रिंगशी बोटांनी बोलायचे. इथे गोळेही नव्हते आणि स्प्रिंगही नव्हती. इंजिनाच्या बाजूला डब्याएवढी एक पेटी होती. चाकाजवळच्या कांडीतून बारीक तार पेटीत जायची आणि इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगायची. पेटी त्यावरून डिझेल कमीजास्त करायची. पेटीच्या तोंडाशी ओळीने सात बारीक पेच होते आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत दोन शब्द.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा ते एका आवाजात, घोटून लावलेल्या सुरासारखं चाललं. फक्त जास्त वेगाने. पंखे भणाणले, आणि विजेच्या पाटीवरचा सायकलींचा, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते ते दाखवणारा, काटा साठवर जाऊन उभा राहिला. आमचा वायरमन म्हणाला, "आपल्याकडं पन्नास लागतात. साठवर मोटारी जळून जातील."

मी पुस्तकात शोधलं. बऱ्याच जहाजांची वीज साठची असते. डावीकडून तिसरा पेच कामाच्या वेगाचा. तो फिरवला की साठाचे पन्नास होतील. मी हे चाचांना हळूच सांगितलं. ते लगेच पेचकस शोधायला लागले, पण बाबा म्हणाले, "खंडेनवमीची पूजा होऊ द्या. त्याआधी त्याच्या अंगाला कुणी हत्यार लावायचं नाही."

हत्यार लागलं नाही. रंग लागला.

रंगाचं काम मला आवडायचं, कारण रंगवणाऱ्याशी कुणी बोलत नाही. बाबांनी इंजिन माझ्याकडे दिलं. "हिचा हात सरळ हाय," आई म्हणाली, "हिलाच द्या." मी दोन दिवस रंगवत होते. पेटी हाताने फिरणारे नट सोडवून काढून घेतली, तिच्या चारही पायांना रंग दिला, ज्या पट्टीवर ती बसते त्या पट्टीला दिला. पेचांखालच्या अक्षरांवरून ब्रश फिरवताना मी जरा थांबले होते. पण ती अक्षरं खरचटलेली, मळकी होती, आणि मागून बाबा म्हणाले, "लोखंड म्हणजे लोखंड. सोडू नको काही." मी दोन हात दिले. वाळल्यावर चाचांनी पेटी जागेवर बसवली. सगळं इतकं सुंदर दिसत होतं, की मी दोनदा परत जाऊन पाहून आले.

खंडेनवमीला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ झाला. बाबांच्या कपाळावर भस्माचे ताजे पट्टे होते. चाचांनी इंजिन सुरू केलं आणि लगेच तिसरा पेच फिरवला. काटा साठावरून खाली आला, पन्नासवर आला, पंचेचाळीसवर गेला, परत पंचावन्नवर चढला. इंजिन झोके घ्यायला लागलं. वर जाताना ओरडायचं, खाली येताना गुदमरायचं. दिवे उजळायचे, मंद व्हायचे. हारातली फुलं गळून पडायला लागली.

वायरमन आधीच फटकळ. तो म्हणाला, "चाचा, ह्ये जहाज आणलंय का पाळणा?"

"गप बे," चाचा म्हणाले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. ते पेटीवर वाकून काहीतरी करत होते आणि झोके वाढत होते. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं.

"चांगलं चालत होतं की हो," बाबा म्हणाले. "पेच फिरवला अन् बिघडलं."

सोमवारी जिनिंगचा मुहूर्त होता. कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. बाबा रागावले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. ते शांतपणे म्हणाले, की औरंगाबादहून या पेट्यांचं काम जाणणारा माणूस बोलावतो आणि मग इंजिनघर तोच बघेल.

चाचांनी चिंधीला हात पुसले. "सोमवारपत्तर थांबा, शेठ. सोमवारी काटा पन्नासवर उभा राहिला न्हाई, तर चावी मीच पूजेच्या ताटात ठिवतो. बोलवा मग कुणाला बोलवायचं ते."

चाचांनी आयुष्यात कधी काही ताटात ठेवायची भाषा केली नव्हती.

दसरा गेला. शनिवारी सकाळी मी माडीवर ते पुस्तक घेऊन बसले. खरं सांगायचं तर मला त्यातलं अर्धंच कळत होतं. शाळेत आम्हाला कविता शिकवल्या होत्या, इंजिनं नाही. पण शब्द न शब्द वाचायची सवय होती. पेटी बसवण्याच्या पानावर एक चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं, की पेटीचं अंग इंजिनाच्या अंगाला उघड्या धातूने टेकलेलं असलं पाहिजे, मध्ये रंग असता कामा नये, नाहीतर वेगाचा निरोप पेटीपर्यंत नीट पोचत नाही आणि इंजिन एका वेगावर राहत नाही.

रंग. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मग पुस्तक मिटलं, आणि परत उघडून पाचव्यांदा वाचलं.

दुपारी मी इंजिनघरात गेले. चाचा उलट्या टोपलीवर बसून भाकरी खात होते.

"चाचा."

"बोल बेटा."

"रंग मी लावला."

"दिसतंय की. लई सफाईनं लावला."

"तसं नाही. पेटीच्या पायांनासुद्धा लावला. खालच्या पट्टीलासुद्धा. तिथे कोरं लोखंड हवं होतं. पुस्तकात लिहिलंय. झोके त्यामुळे आहेत, पेच फिरवल्यामुळे नाही."

चाचांचा घास हातातच राहिला. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पेचामुळं न्हाई?"

"नाही. बहुतेक नाही."

"बहुतेक कावून म्हणती?"

"मला सगळं पुस्तक कळत नाही, चाचा." हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "शब्द वाचता येतात. अर्थ प्रत्येक वेळी लागत नाही."

त्यांनी घास खाल्ला, पाणी घेतलं. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मग माझी पण एक ऐक. त्या दिशी झोके पाहून मी घाबरलो. तिसरा परत फिरवला, काय व्हईना. मग दुसरा फिरवला. मग चौथा. खालची अक्षरं तर दिसतच न्हवती."

"किती फिरवले?"

"सातीच्या साती. कोणता किती, काय याद न्हाई. शेठला अजून न्हाई सांगितलं."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आधी त्यांची दाढी हलायला लागली, आणि मग मला हसू आवरेना. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी हसले नव्हते.

"हे बघ," चाचा डोळे पुसत म्हणाले, "ह्यापुढं तू फक्त काय लिहिलंय ते सांग. अर्थ मी लावतो. अन् रंगाचं शेठला मी सांगतो. इंजिन माझ्या ताब्यात हाय, चूक माझी."

मला बरं वाटलं, हे लपवत नाही. चार वाजता बाबा औरंगाबादच्या त्या माणसाला फोन करायला बूथवर निघाले होते. चाचा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. वायरमन होता, हमाल होते. "शेठ, पेटीखाली रंग राहिला. माझ्या नजरंतून..."

"मी लावला," मी म्हणाले.

"काय?" बाबांना ऐकूच गेलं नाही.

"पेटीखाली रंग मी लावला. त्यामुळे इंजिन झोके घेतंय."

"अन् पेच सगळे मी फिरवले," चाचा घाईने म्हणाले, जणू माझ्या मागे राहायचं नव्हतं त्यांना.

बाबांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "रंग तर मीच लाव म्हणलो होतो. लोखंड म्हणजे लोखंड, असं कोण म्हणलं? मीच ना?" मग जरा थांबून, "आता काय करायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "खरवडायचा," मी म्हणाले.

"मग खरवडा की! उभे कावून राहिलात?" बाबा फोन न करताच परत फिरले. फिरताना मात्र म्हणाले, "पण सोमवार म्हणजे सोमवार."

"माझा शब्द तोच हाय," चाचा म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही पेटी काढली. पाय आणि पट्टी पॉलिश पेपरने घासून घासून पांढरी चकचकीत केली. पेचांखालची अक्षरं दिसावीत म्हणून चाचांनी चिंधीवर थिनर घेतलं आणि हलक्या हाताने फिरवलं. हिरवा रंग निघाला. त्याच्याबरोबर अक्षरंही निघाली. चिंधीवर काळे डाग आले आणि पत्रा कोरा झाला.

"झालं," वायरमन म्हणाला. "आता जहाजाला नाव पण न्हाई, गाव पण न्हाई."

पुस्तकात पेटीचं चित्र होतं, म्हणून अडलं नाही. पण चाचा म्हणाले, "आज तू हायस. उद्या तू शिकायला गेलीस की मला कोणता पेच कशाचा ते कोण वाचून दाखवणार? वाचायला लागू नये अशी खूण पायजे. एकाला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. हिरवा नगं."

माझ्याकडे दुसरा रंग होता. वांगी रंगाची नेलपॉलिशची बाटली मी औरंगाबादला घेतली होती आणि घरी लोणच्याच्या बरणीमागे लपवली होती. बाबा काही म्हणाले असते असं नाही. पण कुणी काही म्हणायच्या आधीच मी गोष्टी लपवायचे. मी घरी धावत गेले. बरणीमागे हात घातला तर बाटली नव्हती.

"ती खिडकीत हाय," आई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "बरणीला वास लागत व्हता."

"तुला माहीत होतं?"

"तीन महिनं झालं. मागच्या सुटीपस्नं." तिने लुगड्याचा काठ जरा वर केला. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख वांगी होतं. "एकच लावून बघितलं. जा आता, तुझं जहाज थांबलंय."

मी सात पेचांखाली ठिपके दिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. हात खरोखरच सरळ होता माझा.

मग काम सुरू झालं. मी पुस्तक घेऊन विजेच्या पाटीसमोर उभी, काट्याकडे डोळे. चाचा दहा पावलांवर पेटीपाशी, हातात बारीक पेचकस.

"आधी काय म्हणतंय?"

"सगळे पेच मधोमध आणा म्हणतंय. कुठे होते ते माहीत नसेल तर."

"शहाण्या माणसानं लिवलंय पुस्तक," चाचा म्हणाले. "आमच्यासारखे असत्यात हे त्याला ठाऊक हाय."

इंजिन सुरू झालं. झोका नव्हता. जरासं थरथरणं होतं, पण झोका नव्हता. चाचांनी डोळे मिटले आणि कान पुढे केला. मग मला हाताने विचारलं, किती? मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी जरा मोठ्याने सांगितलं. तरी नाही.

तेव्हा मी ओरडले. "अठ्ठावन्न!"

इंजिनघरात तो आवाज इंजिनाने लगेच गिळला. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी मान डोलावली नाही. मला ते फार मोकळं वाटलं. चाचा तिसरा पेच फिरवू लागले. "सत्तावन्न! पंचावन्न! त्रेपन्न! हळू! एक्कावन्न! बस! बस! पन्नास!"

पाचवा आणि सहावा पेच सगळ्यात अवघड होते. पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन पानं होती. मी ती इंजिन बंद करून वाचली आणि मला जमेल तसं सांगितलं: भार अचानक वाढला तर इंजिन जरा खचतं, मग सावरतं. पाचवा पेच ठरवतो किती जोराने सावरायचं. सहावा ठरवतो किती धीराने. जोर जास्त झाला तर ते थरथरायला लागतं. धीर जास्त झाला तर सुस्त होतं.

"म्हंजी जोर अन् सबुरी," चाचा म्हणाले.

"हो. पुस्तक म्हणतं, जोर वाढवत जा, थरथर सुरू झाली की थांबा आणि जरासं मागे या."

"जरासं म्हंजी किती?"

"ते लिहिलेलं नाही."

चाचा खूश झाले. "न्हाई ना? मग ते माझ्याकडं."

वायरमनने दोन जिनांच्या मोटारी टाकल्या. काटा खचला, मी ओरडले, चाचांनी पेच केसभर फिरवला. मोटारी काढल्या, परत टाकल्या. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी आकडे ओरडायचे. ते ऐकायचे इंजिनाकडे, बघायचे माझ्या तोंडाकडे. संध्याकाळ व्हायच्या आत दोन मोटारी टाकल्या तर काटा एकदा मान लववून परत पन्नासवर यायला लागला. पण दोन मोटारी म्हणजे बारा जिन नव्हेत, हे तिघांनाही माहीत होतं.

सोमवारी पूजेच्या ताटात नारळ, कापसाचं पहिलं बोंड, कुंकू आणि भस्म होतं. चाचा पुढे आले, पट्ट्याची चावी काढली आणि ताटात ठेवली.

"अहो, आत्ता कशाला?" बाबा म्हणाले.

"ठरलंय ते ठरलंय."

दहाला वीज गेली. चाचांनी इंजिन सुरू केलं. मी पाटीसमोर उभी राहिले. पन्नास. वायरमनने पहिला जिन टाकला. पन्नास. दुसरा, तिसरा. काटा हलायचा आणि परत यायचा. आठव्या जिनाला हमालांनी एकदम दोन मोठ्या टोपल्या कापूस ओतला. काटा शेहेचाळीसवर गेला आणि तिथेच रेंगाळला.

"शेहेचाळीस!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "शेहेचाळीस! येत नाही!"

चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं ते प्रार्थना करताहेत. ते ऐकत होते. मग पेचकस पाचव्या पेचात घातला आणि इतका थोडा फिरवला, की हात हलल्याचं दिसलंही नाही. इंजिनाचा आवाज जाड झाला. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. आणि तिथे काटा उभा राहिला.

नववा जिन. दहावा. अकरावा. बारावा. पन्नास. पन्नास. पन्नास. बारा जिनांतून पांढरी रुई उसळायला लागली, सरकी खाली टपटपायला लागली, आणि बाबा दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते जे त्या आवाजात कुणालाच कळलं नाही. वायरमन नाचत होता. मी काट्याकडे पाहत ओरडतच राहिले, गरज नसताना.

दोनला वीज आली आणि इंजिन बंद केलं, तेव्हा चाचा म्हणाले, "इंजिनाच्या थरथरीनं पेच हलत्यात. तुझी ती बाटली आण. एकेका पेचावर एक थेंब सोड. वाळला की पेच जागचा हलायचा न्हाई." मग हसले. "रंगानं बिघडवलं, आता रंगच राखण करू दे."

मी सात थेंब सोडले. सातव्याला बाटली संपली.

संध्याकाळी वीज अवचित परत गेली आणि इंजिन परत सुरू झालं. ऊन कलतं होतं. बाबा पूजेचं ताट घेऊन इंजिनघरात आले. चावी सकाळपासून तशीच होती, कुंकवाने माखलेली. त्यांनी ती चाचांसमोर धरली. "घ्या तुमचं."

चाचांनी हात पुढे केला नाही. "आधी काटा विचारा. ठरलंय ते ठरलंय."

बाबा माझ्याकडे वळले. "किती गं?"

मी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. घसा पार बसला होता. एवढ्या वर्षांत कधी वापरला नव्हता आणि दोन दिवसांत संपवला होता. मी एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताची मूठ.

चाचांनी चावी घेतली. फुंकर मारून कुंकू उडवलं आणि पट्ट्याला, त्या झिजलेल्या खळग्यात, अडकवली.

वायरमन दारातून ओरडला, "चाचा, जहाज किनाऱ्याला लागलं म्हणायचं का मग?"

"किनाऱ्याला लावायला आणलंय का बे?" चाचा इंजिनाकडे कान करत म्हणाले. "चालवायला आणलंय. जा, बारावा जिन रिकामा फिरतोय, कापूस टाकायला सांग."